डॉबीच्या खुंट्यांसाठी मराठी भाषा: असेंब्लरपासून लिंकरपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

काम असं: टॉवेलच्या अंगाची आणि काठाची वीण मराठीत लिहायची आणि त्यातून डॉबीच्या लाकडी पट्ट्यांवर खुंट्या कुठे ठोकायच्या याचा छापील तक्ता काढायचा. डॉबी म्हणजे दर पिकाला (आडव्या बाण्याच्या एका फेकीला) कोणते शाफ्ट, म्हणजे उभ्या ताण्याचे धागे धरणाऱ्या चौकटी, उचलायचे ते ठरवणारी मागाची यंत्रणा. माग सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातला. १६ शाफ्टांची यांत्रिक डॉबी, डबल-लिफ्ट. टॉवेलच्या अंगाला पट्ट्यांची एक साखळी, काठाला दुसरी. एकाच बाजूला चार धोट्यांची (बाणा वाहून नेणाऱ्या) रंगपेटी. लॅपटॉप जुना, पायथन ३, बाहेरची लायब्ररी शक्यतो नाही. जॅकार्डच्या कार्डांतून संगणक कसा सुचला ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे, इथे ती नाही. असाच अनुवादक कुणाला आपल्या मागासाठी करायचा असेल तर वेळ आणि सूत कुठे वाया जातं, ते या नोंदींत आहे.

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर पाळ्या सुरू झाल्या. सुरुवात जॉबरच्या (माग लावून देणाऱ्या कारागिराच्या) वहीपासून केली, कारण भाषा तिथे आधीच होती. वहीत एका ओळीला एक पिक, आणि ओळीत त्या पिकाला उचलायच्या शाफ्टांचे आकडे:

१ २
२ ३
३ ४
४ १

हा दोनावर-दोन ट्विल, तिरक्या रेघांची वीण. डॉबी डबल-लिफ्ट असल्यामुळे एक लाकडी पट्टी दोन पिक सांभाळते. पट्टीवर भोकांच्या दोन रांगा, एक विषम पिकाची, एक सम पिकाची, आणि रांगा एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या. खुंटी असली की शाफ्ट वर, नसली की खाली. म्हणजे वरच्या चार ओळींच्या दोन पट्ट्या होतात.

पहिला प्रोग्राम एवढंच करतो: दोन ओळी घेतो, एक पट्टी देतो. ओळीला ओळ असं सरळ रूपांतर आहे, प्रोग्राम स्वतःहून काहीच ठरवत नाही. याला असेंब्लर म्हणायचं, कंपायलर नाही; कंपायलर वरच्या भाषेचा अर्थ लावून ती दुसऱ्या रूपात लिहितो. फोल्डरचं नावही तेच ठेवलं. ‘पुन्हा ६’ अशी सोय संध्याकाळपर्यंत घातली. ती आली की मॅक्रो असेंब्लर (आखूड सूचनेच्या पूर्ण ओळी करणारा) झाला, तरी जात तीच. शहाणपणा असा की इथे थांबून महिनाभर काम भागतं. ज्यांना फक्त तक्ता छापून हवा आहे त्यांनी पुढचं करूच नये.

६ नोव्हेंबर

पहिली साखळी मागावर. या डॉबीला १२ पट्ट्यांपेक्षा लहान साखळी सिलिंडरभोवती बसत नाही, त्यामुळे ट्विल सहा वेळा लावून २४ पिक केले. कापड बघितलं, ट्विलची तिरकी रेघ हवी त्या बाजूला झुकलेली. पास.

दुपारी काठाची पायऱ्यांची नक्षी लावली तर ती उलटी आली, डोकं खाली आणि डावं-उजवं बदललेलं. कारण शोधायला पूर्ण पाळी गेली. दोन गोष्टी एकदम उलट्या होत्या. तक्त्यात शाफ्ट १ डावीकडे छापला होता, पण डॉबीसमोर उभं राहून पट्टी हातात धरली की १ नंबर उजवीकडे येतो. आणि सिलिंडर ज्या बाजूने फिरतो त्यामुळे तक्त्यातली शेवटची पट्टी आधी लागत होती. शाफ्टांचा क्रम उलटा झाला की ट्विल दुसऱ्या बाजूला झुकतो. पिकांचा क्रम उलटा झाला तरी तसंच होतं. दोन्ही एकदम उलटे झाले की कापड अर्धं फिरवल्यासारखं होतं, आणि ट्विल अर्धा फिरवला तरी तोच ट्विल दिसतो. चाचणीला ट्विल घेतल्यामुळे दोन्ही चुका एकमेकींत झाकल्या गेल्या.

आता चाचणीची वीण मुद्दाम लंगडी ठेवली आहे:

१
१ २
१ २ ३
५

ही कशीही पालथी केली तरी स्वतःसारखी दिसत नाही. कापड म्हणून ती कुचकामी आहे, वीतभर विणून काढून टाकायची. डॉबीची बाजू, सिलिंडरची दिशा, शाफ्टांची संख्या, साखळीची किमान लांबी, रंगपेटीच्या जागा हे सगळं आता ‘माग’ नावाच्या वेगळ्या फाइलीत आहे. प्रोग्राम लॅपटॉपवर चालतो आणि त्याचं फळ दुसऱ्याच यंत्रावर, म्हणजे आपण जे काही करू ते क्रॉस-कंपायलरच्याच वर्गातलं. त्यामुळे ज्या यंत्रासाठी लिहितो त्याची माहिती कोडात विखुरलेली असून चालत नाही. शेजारच्या मागाची डॉबी दुसऱ्या हाताची आहे, तिथे फक्त ही फाइल बदलली.

११ नोव्हेंबर

वरची भाषा. विणींना नावं द्यायची, नावं जोडून काठ करायचा. पहिलं काम लेक्सरचं: अक्षरांच्या ओळीतून शब्द, आकडे, चिन्हं वेगळी काढायची.

इंग्रजी उदाहरणांत दिसतं तसं पायथनच्या ‘री’ मॉड्यूलने शब्द तोडले, तर ‘पट्टी’ या शब्दाचे ‘पट’ आणि ‘ट’ असे दोन तुकडे पडले, हलन्त आणि दीर्घ ईची वेलांटी वाऱ्यावर. कारण त्या मॉड्यूलला ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे फक्त मूळ अक्षर किंवा आकडा वाटतो; काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या युनिकोडच्या ‘मार्क’ गटात मोडतात. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल हे नीट हाताळतं, पण कारखान्यातल्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय बसवायची कटकट नको होती. म्हणून लेक्सर हाताने लिहिला: शब्दाची सुरुवात अक्षराने, पुढे अक्षर, मार्क किंवा आकडा येत राहील तोवर शब्द चालू. पन्नासेक ओळींत झाला. देवनागरी आकड्यांचा मात्र काही त्रास नाही, पायथन ‘१२’ सरळ बारा म्हणून वाचतं. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच संख्येत मिसळले तरी कुरकुर करत नाही, ते आम्ही मुद्दाम बंद केलं.

१४ नोव्हेंबर

लेक्सर चालला आणि चार दिवस असे गेले की पडद्यावर सगळं बरोबर दिसतंय आणि प्रोग्राम नाही म्हणतोय.

‘पायऱ्या नावाची वीण सापडली नाही.’ फाइलीत वर व्याख्या आहे, खाली वापर आहे, दोन्हीकडे डोळ्यांना एकच शब्द. एक ओळ लॅपटॉपवर टाइप केलेली, दुसरी फोनवरून आलेली. ऱ्य लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, त्यापुढे हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. एनएफसी फक्त ‘र अधिक नुक्ता’ याचा ऱ करतं. त्यामुळे क्रम असा ठरवला: आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ याचं ‘ऱ, हलन्त’ करायचं, मग उरलेले सगळे झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे काढून टाकायचे, मग एनएफसी. पहिल्या दोन पायऱ्यांचा क्रम उलटा केला तर ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ होतं आणि पुन्हा जुळत नाही.

तसाच ॲ. एकसंध ॲ म्हणजे यू+०९७२, आणि अ वर चंद्र देऊन केलेला ॲ. दिसायला सारखे, एनएफसीच्या दृष्टीने वेगळे. ‘ॲक्रिलिक’ नावाच्या सुतावर हे निघालं. त्यासाठी एक ओळीचा हातबदल.

सगळ्यात जास्त वेळ विसर्गाने खाल्ला. व्याकरणात ‘ताणा:’ असं होतं, आणि टाइप करणाऱ्यांपैकी निम्मे लोक अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग देतात. मराठी कीबोर्डवर तोच हाताशी असतो आणि छापील कागदावर फरक कळत नाही. विसर्ग मार्क गटातला असल्यामुळे लेक्सर तो शब्दातच ओढून घेतो, आणि पार्सरला (शब्दांची रचना ओळखणाऱ्या भागाला) ‘ताणाः’ नावाची अनोळखी वस्तू मिळते. शेवटी व्याकरणातून अपूर्णविराम काढूनच टाकला. उभी रेघ आणि दंड यांचाही तोच घोळ, तीही काढली. नवीन ओळ हाच विभाजक. मराठीत भाषा करायची असेल तर चिन्हं जितकी कमी तितकं बरं; जे चिन्ह दुसऱ्या चिन्हासारखं दिसतं ते व्याकरणात नकोच.

चूक कुठे आहे हे दाखवायला ओळीखाली बाण काढायची पद्धत इथे निरुपयोगी आहे. ‘पट्टी’ म्हणजे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, ५ कोडपॉइंट, आणि डोळ्याला दोन अक्षरं. युनिकोड १५.१ पासून जोडाक्षर एकत्र धरायचा नियम आला आहे, जुनी साधनं ‘ट्’ वेगळा मोजतात. बाण भलतीकडेच लागतो. आता संदेशात ओळ क्रमांक आणि तो शब्दच छापतो.

१९ नोव्हेंबर

पार्सर लिहिण्याआधी एक आखूड रस्ता करून पाहिला: आपल्या भाषेतून पायथनची फाइल पाडायची आणि ती चालवायची. याला हल्ली ट्रान्सपायलर म्हणतात, एका वरच्या पातळीच्या भाषेतून दुसऱ्या वरच्या पातळीच्या भाषेत. लवकर होतो हे खरं. दोन दिवसांत काठ निघाला.

सोडून दिला, कारण चुकांचे संदेश. नऊ ओळींच्या नक्षीत गडबड असली की उत्तर यायचं ‘ओळ २१३, यादीबाहेरचा क्रमांक’, आणि ही २१३ वी ओळ पाडलेल्या पायथनमधली. नक्षी लिहिणाऱ्याला ती फाइल असल्याचंही माहीत नाही. जावास्क्रिप्टच्या जगात यासाठी सोर्स मॅप असतात, पाडलेल्या ओळीपासून मूळ ओळीपर्यंत परत नेणारे. ते करायचं तर आखूड रस्ता आखूड राहत नाही.

ट्रान्सपायलर हा कंपायलरपेक्षा हलका प्रकार असतो असं सरसकट धरू नये. सी++ चा सुरुवातीचा अनुवादक सीफ्रंट हा सी भाषा पाडायचा, पण त्याआधी प्रकार आणि अर्थ पूर्ण तपासायचा, आणि स्ट्रॉस्ट्रपचा आग्रह होता की तो कंपायलरच आहे, सी फक्त त्याच्या खालची भाषा. आमच्याकडे तपासणी नव्हतीच, नुसती अदलाबदल होती. ते अडलं.

२५ नोव्हेंबर

पार्सर, रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीने (व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला एक फंक्शन), हाताने. कागदावरचा नियम होता ‘क्रम म्हणजे क्रम मग वीण’. तसाच कोडात उतरवला की फंक्शन एकही शब्द न खाता स्वतःलाच बोलावत राहतं, आणि पायथन हजार पातळ्यांच्या आसपास हात टेकतं. नियम ‘वीण, आणि त्यापुढे मग-वीण कितीही वेळा’ असा लिहून साधं लूप केलं. डावं रिकर्शन, म्हणजे नियम स्वतःपासूनच सुरू होणं, एवढंच लक्षात ठेवायचं, बाकी पार्सरमध्ये काही अवघड नाही.

व्याकरणापेक्षा वाद झाला तो ‘साधी मग कमळ गुणिले २’ या ओळीवर. शाळेतलं गणित लावलं तर फक्त कमळ दोनदा. जॉबर अण्णांना विचारलं.

“अण्णा, ह्या ओळीत दोनदा काय येणार?”

“दोन्ही येणार की. एकटं कमळ दोनदा ठोकायचं असतं तर तुम्ही सांगितलं नसतं काय?”

दोन्ही वाचनं सरळ आहेत. त्यामुळे अग्रक्रमाचा नियम न ठेवता अशी ओळ चूक म्हणून परत करायची असं ठरवलं. कंस द्यावेच लागतात. मागावर चुकीचा अर्थ लागला तर समोर संदेश येत नाही, कापड येतं. म्हणून शंका असेल तिथे अनुवादकाने अडून बसणं स्वस्त.

३ डिसेंबर

पडद्यावर कापड दाखवणारा भाग तयार होता. तो पार्सरने बांधलेलं नक्षीचं झाड हातात घेऊन एकेक पिक चालवत जातो आणि चौकोन रंगवतो. कुठलीही फाइल पाडत नाही, म्हणजे इंटरप्रिटर. त्याच झाडावरून पट्ट्यांचा तक्ता काढणारा दुसरा भाग म्हणजे कंपायलर. दोघं वेगवेगळ्या आठवड्यांत लिहिले गेले.

तीन पिकांचा टेरी टॉवेल लावला. दोन सैल पिक, तिसरा घट्ट. तिसऱ्याला फणी तिन्ही पिक एकत्र ठोकते आणि वरच्या ताण्याचे लूप उभे राहतात. पडद्यावर उत्तम. मागावर पहिल्या काही इंचांतच लूप बसले.

कारण: ३ ही विषम संख्या, आणि पट्टीवर पिक दोन. कंपायलर शेवटची अर्धी पट्टी रिकामी सोडत होता. मग साखळी किमान लांबीची करायला तेच चार पिक, म्हणजे तीन खरे आणि एक रिकामा, पुन्हा पुन्हा लावत होता. रिकाम्या पिकाला एकही शाफ्ट वर जात नाही, बाण्याचा धागा कापडावर नुसता लोळतो. आणि लूप काढणारी यंत्रणा या मागावर स्वतंत्र तीन पिकांच्या चक्रावर चालते, ती दर फेऱ्याला एक पिक पुढे जाते. इंटरप्रिटरला पट्टी नावाची वस्तूच माहीत नव्हती, तो तीन पिकांवर फिरत राहायचा, म्हणून त्याचं चित्र बरोबर.

दुरुस्ती: विषम असेल तर वीण दोनदा लावायची, ३ चे ६ पिक, म्हणजे ३ पट्ट्या. मग १२ पट्ट्या भरेपर्यंत पूर्ण फेरे, म्हणजे २४ पिक, टेरीचे आठ फेरे. रिकामा पिक भरायचा कोडच काढून टाकला.

खर्च: बाण्याच्या काही कांड्या, वाया गेलेला ताणा, आणि अण्णांची अर्धी पाळी. ताणा पुन्हा सारखा करून घ्यायला लागतो तो वेळ सगळ्यात महाग.

७ डिसेंबर

टेरीच्या गोंधळात आणखी एक गोष्ट निघाली. कारखान्यात ‘कंपायलर चुकतोय’ असा निरोप आला की तो तीनपैकी कशाबद्दलही असायचा: पडद्यावरचं चित्र, छापील तक्ता, किंवा जुना वहीवाला असेंब्लर. तक्त्याची तक्रार चित्राच्या कोडात शोधण्यात वेळ गेला. आता प्रत्येक फळावर कोपऱ्यात ते कुणी काढलं ते छापतो: ‘चित्र’, ‘तक्ता’, ‘वही’. लोक तोंडाने काहीही म्हणोत, कागद दाखवला की कळतं.

आत मात्र नावं काटेकोर ठेवायला लागतात. चालवून उत्तर देतो तो इंटरप्रिटर, दुसऱ्या रूपात लिहून देतो तो कंपायलर, एवढी रेघ पुरते. भाषेच्या अंगाला हे लेबल चिकटलेलं नसतं. पायथनला सगळे इंटरप्रिटर म्हणतात, पण सीपायथन आधी बाइटकोड बनवतं, मग तो आपल्या व्हर्च्युअल मशीनवर चालवतं. आयात केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड फोल्डरात साठवूनही ठेवतं. एकाच पोटात दोन्ही आहेत.

रचनेतला बदल: चित्र आणि तक्ता यांनी झाडावरून वेगवेगळे अर्थ काढायचे नाहीत. मध्ये एक सपाट यादी आली. तीत एका ओळीत एक पिक: उचलायचे शाफ्ट, बाण्याचा रंग, अंग की काठ, मूळ फाइलीतली ओळ. सम-विषम, किमान लांबी, सगळं या यादीत येईपर्यंत ठरलेलं असतं. कंपायलरवाले याला मधलं रूप म्हणतात. चित्र आता ही यादी चालवतं, म्हणून मागावर जे होणार तेच पडद्यावर दिसतं, रिकाम्या पिकासकट. हे ३ डिसेंबरच्या आधी केलं असतं तर सूत वाचलं असतं.

तपासण्याही याच यादीवर. ‘ओळ ७: शाफ्ट १८ मागितला, मागावर १६ आहेत.’ रंगाची तपासणी महत्त्वाची: पेटी एकाच बाजूला असल्यामुळे धोटा जाऊन परत आल्याशिवाय बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक रंगाचे पिक सम हवेत. टेरीत तीनची पट, रंगाला दोनची, म्हणजे रंगीत बाण्याचा टेरी भाग सहाच्या पटीतच बसतो. हा नियम जॉबरला हाताने माहीत असतो, नक्षी काढणाऱ्याला नसतो.

१६ डिसेंबर

ऑप्टिमायझर. खुंट्या हाताने ठोकायच्या असतात, त्यामुळे साखळी जितकी आखूड तितकी बरी. यादीतला सगळ्यात लहान आवर्त शोधायचा आणि तेवढाच ठेवायचा.

साध्या विणीचा काठ दिला: चार पिक लाल, चार पांढरे. आठाचे दोन झाले, आणि रंगपेटीच्या तक्त्यातून पांढरा गायब. तुलना फक्त शाफ्टांची होत होती. साधी वीण दर दोन पिकांनी तीच येते, म्हणून बाकी सहा ओळी ‘त्याच’ समजून कापल्या, आणि ओळीबरोबर तिचा रंगही गेला. कंपायलरच्या पुस्तकात याला साइड इफेक्ट म्हणून बजावलेलं असतं: ओळीचं एक फळ सारखं असलं म्हणून ओळ सारखी होत नाही. आता तुलना पूर्ण ओळीची होते, फक्त मूळ ओळ क्रमांक सोडून. तो धरला तर काहीच कधी सारखं निघत नाही.

ऑप्टिमायझर बंद करायची सोय ठेवावी. तक्त्यावर शंका आली की आधी तो बंद करून पुन्हा काढायचा, निम्मा शोध तिथेच संपतो.

२३ डिसेंबर

नक्ष्या वेगळ्या फाइलींत ठेवायच्या, कमळ, पायऱ्या, चौकडा, आणि काठात हव्या त्या जोडायच्या. ही जोडणी म्हणजे लिंकर.

एकाच नावाच्या दोन विणी दोन फाइलींत असल्या तर शेवटची जिंकायची. आता ती चूक. खरं काम निघालं शाफ्टांच्या आकड्यांत. कमळ १ ते ४ शाफ्ट धरून लिहिलेलं, पण या टॉवेलात ते ९ ते १२ वर बसवायचं. म्हणजे प्रत्येक आकड्यात ८ मिळवायचे. लिंकर प्रोग्रामचे पत्ते सरकवतो त्याला रिलोकेशन म्हणतात, इथे अगदी तेच. आणि तिथे असते तीच अडचण इथेही: सगळे आकडे सरकवायचे नसतात. किनारीचे (कापडाच्या दोन्ही कडांचे) धागे १५ आणि १६ वर कायमचे बसलेले आहेत. कमळाच्या फाइलीत तेही लिहिलेले होते, ते २३ आणि २४ झाले आणि तपासणीने अडवले. शाफ्ट थोडे जास्त असलेल्या मागावर ही चूक अडली नसती, किनार उसवत राहिली असती. आता असा आकडा ‘पक्का १५’ असा लिहायचा; पक्का सरकत नाही.

१९५२ साली ग्रेस हॉपरने युनिव्हॅकसाठी केलेल्या ए-० ला ‘कंपायलर’ हे नाव मिळालं ते टेपवरचे तयार सबरूटीन (प्रोग्रामचे तुकडे) गोळा करून एकत्र मांडण्यामुळे. आजच्या भाषेत ते काम लिंकर आणि लोडरच्या जवळचं. सूत्रं लिहायची आणि यंत्राचा कोड मिळवायचा हा आजचा अर्थ रुळला तो १९५७ च्या फोरट्रानसारख्या कंपायलरांनंतर. जुने लेख वाचताना हे ध्यानात नसलं की उगाच बुचकळ्यात पडायला होतं.

४ जानेवारी २०२५

छपाई. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीने जोडाक्षरं फोडली, ‘पट्टी’चा हलन्त लोंबत राहिला. एचटीएमएल पाडून ब्राउझरमधून छापलं, प्रश्न मिटला.

एका ए-४ पानावर १२ पट्ट्या, त्याहून जास्त नाही. खुंटी म्हणजे भरीव काळा गोल, नसेल तर पोकळ गोल. नुसती रिकामी जागा ठेवली तर भोकं मोजताना नजर घसरते. पट्टीचा क्रमांक दोन्ही टोकांना. दोन रांगा प्रत्यक्ष पट्टीवर जशा सरकलेल्या तशाच कागदावर सरकवून छापायच्या, सरळ ग्रिड छापला की चौथ्या-पाचव्या भोकानंतर रांग चुकते. राखाडी छटा वापरू नये, तेलकट बोट लागलं की सगळं राखाडी होतं. पहिल्या पट्टीला खडूची खूण, आणि तीच खूण तक्त्यावर.

८ जानेवारी

तक्ता बरोबर असला तरी ठोकलेली साखळी बरोबर असेलच असं नाही. १२ पट्ट्या, दोन रांगा, १६ भोकं: ३८४ जागा. एक जण साखळीवरून खुंट्या वाचतो, दुसरा टाइप करतो, आणि उलटा प्रोग्राम पट्ट्यांवरून पिकांच्या ओळी काढून मूळ यादीशी ताडून बघतो. हा डिसअसेंब्लर, पट्टीला दोन ओळी, असेंब्लरच्या नेमका उलट. वाचायला वेळ लागतो, पण चुकलेली खुंटी मागावर चढायच्या आधी सापडते. मागावर सापडली तर साखळी उतरवायची, पुन्हा चढवायची आणि मधलं कापड सेकंडात, म्हणजे दुय्यम मालात.

त्याचा दुसरा उपयोग अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. कारखान्यात जुन्या साखळ्या टांगलेल्या आहेत ज्यांची वही राहिलेली नाही. त्यांतल्या एकीच्या खुंट्या वाचून पिक काढले, आवर्त शोधणाऱ्याने ते घडी घालून दिले. याला डिकंपायलर म्हणता येणार नाही: कुठला तुकडा कमळ आणि कुठला चौकडा, ती नावं खुंट्यांत नसतातच. ती माणसाने बघून पुन्हा द्यायची.

ही चाचणी लंगडी वीण, ट्विल, टेरी आणि रंगीत काठ या चारांवर प्रत्येक बदलानंतर लॅपटॉपवरच चालते: नक्षी ते तक्ता, तक्ता ते पिक, दोन याद्या सारख्या हव्यात. ६ नोव्हेंबरची उलटापालट मात्र यात सापडत नाही, कारण दोन्ही प्रोग्राम तीच ‘माग’ फाइल वाचतात आणि फाइल चुकीची असेल तर दोघं एकमताने चुकतात. तेवढ्यासाठी वीतभर कापड विणावंच लागतं.

२० जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीनंतर दोन्ही साखळ्या चढवल्या, अंगाची १२ पट्ट्यांची, काठाची ४० पट्ट्यांची. लूप उभे, काठ सुलटा, किनार घट्ट. काठात एका जागी बाण्याचे लांब धागे सुटतात, पण ती नक्षीची चूक आहे, अनुवादकाची नाही. सलग पाच पिकांपेक्षा जास्त ताण्याचा धागा एकाच बाजूला राहिला तर इशारा देणारी तपासणी घातली. बाण्याच्या सुटण्यासाठी शाफ्टात धागे कसे भरलेत तेही कळायला हवं, ते अजून ‘माग’ फाइलीत नाही.

२ फेब्रुवारी

उरलेलं. इलेक्ट्रॉनिक डॉबीचा माग कारखान्यात येणार आहे. तिथे खुंटी नाही. कंट्रोलर फाइल वाचून दर पिकाला शाफ्ट निवडतो, म्हणजे मागातच एक इंटरप्रिटर बसलेला आहे आणि आपण त्याला लागणारी फाइल पाडायची. पट्टीवर दोन पिकांचं बंधन जातं, विषम आवर्त चालतो, किमान लांबीही नाही. म्हणून दुप्पट करायचा आणि १२ पट्ट्या भरायचा कोड मधल्या यादीतून काढून लाकडी पट्ट्यांच्या बॅकएंडमध्ये (त्या यंत्रासाठीचं शेवटचं रूप लिहिणाऱ्या भागात) हलवावा लागेल. चित्राने मग कुठल्या मागाची यादी चालवायची ते आधी विचारायला हवं. रंगाच्या सम पिकांची तपासणी जागची हलवायची नाही, ती डॉबीवर नाही, धोटा कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर ठरते.